देवाजीपंतांचा हिशेब

२३ मार्च १७६९ रोजी कनकापूर येथे थोरले माधवराव पेशवे आणि नागपूरचे जानोजी भोसले यांच्यात तह झाला. त्याची कलमे वाचताना नागपूरची पुरती नाचक्की झाली असेच प्रथम वाटते. आधीच्या तहातून जानोजींकडे उरलेला सुमारे आठ लाखांचा मुलूखही त्यांनी सोडायचा, औरंगाबाद सुभ्यातला घासदाणा बंद करायचा, दरसाल पाच लाख एक रुपया पुण्याला हप्त्याहप्त्याने भरायचा. पेशव्यांच्या परवानगीवाचून फौज वाढवायची नाही, कमीही करायची नाही, आणि बोलावणे आले की चाकरीला हजर व्हायचे. दिल्लीचा बादशहा, निजाम, इंग्रज, रोहिले, अयोध्येचा नवाब, कुणाशीही परभारे राजकारण करायचे नाही. (पाच लाखांवरचा तो एक रुपया शकुनाचा. भरणाऱ्याला त्यात कसला शुभशकुन दिसला असेल, कोण जाणे.) पण शेवटच्या कलमाला एक सवलत जोडलेली आहे. ओरिसा आणि अयोध्या इकडच्या महसुली कामापुरता वकील ठेवायला जानोजींना मुभा आहे. शिवाय पेशव्यांनीही काही कबूल केले आहे. हिंदुस्थानात जाणारी फौज भोसल्यांच्या मुलखातून आडमार्गाने न्यायची नाही, भोसल्यांच्या भाऊबंदांच्या तक्रारींना कान द्यायचा नाही, आणि तिसऱ्या कुणी जानोजींवर चाल केली तर मदतीला यायचे. जे गेले ते पैसा आणि परगणे. राहिले ते पूर्वेकडचे दार, घरातल्या भांडणात बाहेरच्याने हात न घालण्याचे वचन आणि संकटकाळच्या मदतीची हमी. जानोजींच्या बाजूने त्या काळातल्या राजकारणाची सूत्रे ज्यांच्या हाती होती, त्या दिवाकर पुरुषोत्तम ऊर्फ देवाजीपंत चोरघडे यांची कारकीर्द समजून घ्यायची असेल, तर सुरुवात या जमाखर्चापासून करावी लागते.

नागपूर जिल्ह्यातल्या नरखेडचे हे देवाजीपंत मराठी माणसाला एरवी भेटतात ते ‘साडेतीन शहाण्यां’त. पेशव्यांकडचे सखारामबापू बोकील, निजामाकडचे विठ्ठल सुंदर, भोसल्यांकडचे देवाजीपंत हे तीन पुरे आणि नाना फडणीस अर्धे. नानांना अर्धेच का मोजले, याचे परंपरेने दिलेले कारण असे की बाकीचे तिघे कलमाबरोबर तलवारीच्याही राजकारणातले होते आणि नाना निव्वळ कलमबहाद्दर. ही गणना गंमतीची असली तरी तिने देवाजीपंतांचे नुकसानच केले आहे. शहाणा म्हटला की डावपेच, कावा, आज या गोटात तर उद्या त्या गोटात, एवढेच चित्र मनात उभे राहते, आणि त्या काळातला नागपूर दरबार पाहिला तर ते चित्र खरेही वाटते. १७६३ मध्ये निजामाच्या बाजूला, त्याच वर्षी पेशव्यांच्या बाजूला, १७६८ मध्ये राघोबादादांच्या बाजूला, १७७८ मध्ये इंग्रजांशी बोलणी, १७७९ मध्ये इंग्रजांविरुद्ध फौज, १७८१ मध्ये पुन्हा इंग्रजांशी करार. या सगळ्या कोलांटउड्यांमागे मला मात्र एकच स्थिर धोरण दिसते. नागपूरवर कधीही एकच धनी असू नये आणि नागपूरला कधीही एकच दार असू नये, हे ते धोरण. ते लबाडीतून नव्हे, राज्याच्या घडणीतूनच आले होते.

ती घडण पाहण्यासाठी जरा लांबचे उदाहरण उपयोगी पडेल. तुर्कांच्या ऑटोमन दरबारात सोकोल्लू मेहमेद पाशा १५६५ ते १५७९ असा चौदा वर्षे, तीन सुलतानांच्या हाताखाली, मुख्य वजीर होता. १५६६ मध्ये सिगेटवारच्या वेढ्यात सुलतान सुलेमान छावणीतच मरण पावला, तेव्हा नवा सुलतान येऊन पोचेपर्यंत कित्येक आठवडे या वजिराने ती बातमी सैन्याला कळू दिली नाही आणि कारभार बिनबोभाट चालू ठेवला. त्याला हे जमले, कारण त्याच्या हाती एकच शिक्का होता आणि त्या शिक्क्यावर दुसऱ्या कुणाचा शिक्का नव्हता. नागपूरच्या दिवाणाची गोष्ट नेमकी उलटी. भोसल्यांचे सेनासाहेबसुभा हे पद साताऱ्याच्या छत्रपतींकडून आलेले. छत्रपतींच्या नावाने कारभार करणारे पेशवे भोसल्यांना आपले ताबेदार मानत, तर भोसले स्वतःला त्यांच्या बरोबरीचे समजत. नागपूर शहरात देवगडच्या गोंड राजांचा वंश नामधारी का होईना गादीवर होता, आणि पहिल्या रघुजींनी त्याला दूर केले नव्हते. वऱ्हाडात निजाम आणि भोसले यांचा दुअंमल, एकाच रयतेकडून दोघांची वसुली. पूर्वेला कटक आणि ओरिसा १७५१ च्या तहाने मिळालेले, बंगालच्या चौथाईपोटी बारा लाखांचा करार झालेला. पण १७६५ नंतर बंगालचा पैसा कंपनीच्या पेटीत जाऊ लागला आणि चौथाई कागदावर राहिली. वर १७५५ मध्ये रघुजी वारल्यानंतर जानोजी आणि मुधोजी या भावांत वारशाचे भांडण पेटले आणि त्याचा निवाडा पुण्याच्या दारात गेला. इतक्या मालकांच्या आणि भागीदारांच्या मध्ये बसलेल्या राज्याच्या दिवाणाला निष्ठेचे राजकारण परवडण्यासारखे नव्हते. निष्ठा ठेवायची तर कुणावर, हाच पहिला प्रश्न होता.

या धोरणाची सर्वांत लाजिरवाणी परीक्षा १७६३ मध्ये झाली. निजामअलीचा कारभारी विठ्ठल सुंदर याने जानोजींना आपल्याकडे ओढले, आमिष साताऱ्याच्या गादीच्या राजकारणाचे. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात निजामाच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले, आणि त्या वेळी भोसले निजामाच्या पक्षात होते. पुढे बत्तीस लाखांच्या मुलखाचे वचन घेऊन जानोजी पेशव्यांकडे वळले, ऐनवेळी निजामापासून वेगळे झाले, आणि १० ऑगस्टला गोदावरीकाठी राक्षसभुवनला निजामाच्या मागे राहिलेल्या फौजेची कत्तल होऊन स्वतः विठ्ठल सुंदर ठार झाला. साडेतीनांतला एक शहाणा असा दुसऱ्या शहाण्याच्या हिशेबात खर्ची पडला. पुण्याच्या राखरांगोळीचे समर्थन कोणत्याही धोरणाने होत नाही, आणि ते करण्याची मला गरजही वाटत नाही. पण ही केवळ फितुरी होती असे म्हणणाऱ्यांनी पुढची पाने उलटावीत. १७६६ मध्ये त्याच निजामाला बरोबर घेऊन पेशवे वऱ्हाडात उतरले, दर्यापूरला तह झाला, बत्तीसपैकी चोवीस लाखांचा मुलूख जानोजींकडून परत गेला, आणि त्यातला मोठा वाटा पेशव्यांनी निजामालाच दिला. मराठ्याविरुद्ध निजामाला हाताशी धरणे हा गुन्हा असेल, तर तीन वर्षांच्या आत दोन्ही घरांनी तो केला होता. एकीची फूटपट्टी फक्त नागपूरला लावायची आणि पुण्याला नाही, हा न्याय नव्हे. माधवराव कर्ते होते, त्यांना मराठी सत्ता एका मुठीत आणायची होती, हे खरे. पण त्या मुठीत जाणाऱ्याला आपले काय होणार याची चिंता वाटली तर तिला नुसता स्वार्थ म्हणून सोडून देता येत नाही.

१७६८-६९ ची मोहीम या चिंतेचा पुरावाच आहे. धोडपला राघोबादादांचा पाडाव झाल्यावर त्यांना आतून साथ देणाऱ्या जानोजींकडे माधवराव वळले. निजामाची फौज याही वेळी पेशव्यांबरोबर होती. १७६९ च्या आरंभी नागपूर लुटले गेले, जाळपोळ झाली, आणि पेशव्यांनी चांद्याला वेढा घातला. जानोजी समोरासमोर उभे राहिलेच नाहीत. ते बगल देऊन पश्चिमेकडे निसटले आणि अहमदनगरच्या वाटेने मुलूख लुटत पुण्याच्या रोखाने निघाले. पुण्यात पळापळ झाली. राजधानी उघडी पडते म्हटल्यावर पेशव्यांना चांद्याचा वेढा उठवावा लागला. देवाजीपंत त्या वेळी पेशव्यांच्या छावणीत अडकून पडले होते आणि तिथूनच त्यांनी धन्याला हा गनिमी काव्याचा सल्ला पोचवला, असे परंपरा सांगते. कैदेतून निरोप गेला की नाही यावर वाद घालता येईल. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की नागपूर जळत असतानाही भोसल्यांची फौज शाबूत राहिली. लढाई न करणे हीच त्या मोहिमेची लढाई होती. हरलेल्या बाजूचे शहर बेचिराख झाले, पण तहाच्या बैठकीला ती बाजू फौजेसह बसली. कनकापूरच्या कलमांत पेशव्यांनी जे कबूल केले ते या फौजेमुळे. पाडाव झालेल्या सरदाराला, तुमच्या मुलखातून आम्ही वाकडी वाट करणार नाही, असे कुणी लिहून देत नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. कनकापूरचा तह नागपूरचे यश म्हणायचा असेल तर मग अपयश कशाला म्हणायचे? सहा वर्षांत बत्तीस लाखांचा मुलूख आला आणि सगळा गेला, वर खंडणी बसली, राजधानी जळाली. शहाणपणाचे फळ हेच असेल तर साधेपणा बरा. याला माझे उत्तर असे की बत्तीस लाख हा मुळात सौद्यातला पैसा होता. राजकारणात आला, राजकारणात गेला. ज्याच्यावर राज्य टिकून होते ते म्हणजे नागपूर, देवगड, चांदा, वऱ्हाडातला वाटा, छत्तीसगड आणि कटक. यातले मुळापासून काहीच गेले नाही. दरबार नागपूरचाच राहिला. पेशव्यांना वाटते तर त्यांनी १७६९ मध्ये मुधोजींना पुढे करून जानोजींना बाजूला सारले असते, ती चाल त्यांच्या हाती होती. भाऊबंदांच्या तक्रारींना कान न देण्याचे कलम लिहून घेतले गेले ते याच भीतीपोटी. त्या कलमाची किंमत लाखांत मोजता येत नाही. आणि वकिलाची सवलत? पेशव्यांच्या लेखी ती किरकोळ महसुली बाब असेल. नागपूरच्या लेखी ओरिसाच्या महसुलाचे काम म्हणजे बंगालच्या चौथाईचे काम, आणि चौथाईचे काम म्हणजे कलकत्त्याशी बोलणी. इंग्रजांशी राजकारण करायचे नाही असे एका हाताने लिहून द्यायचे आणि दुसऱ्या हाताने त्यांच्याकडे जाणारी वाट मोकळी ठेवायची, यात देवाजीपंतांचा हात मला ओळखू येतो.

१७७२ मध्ये जानोजी वारले, त्याच वर्षी माधवरावही. पुढची तीन वर्षे जानोजींचे भाऊ साबाजी आणि मुधोजी यांच्या यादवीत गेली. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळ पाचगावला मुधोजींच्या हातून साबाजी मारले गेले, आणि जानोजींनी दत्तक घेतलेल्या आपल्याच मुलाच्या, दुसऱ्या रघुजींच्या, नावाने मुधोजी कारभार पाहू लागले. या रक्तपाताची कथा बखरीत चवीने सांगितली आहे. आपल्याला तिच्यात थांबायचे कारण नाही. थांबायला हवे ते १७७८ पाशी. रामराजे छत्रपती १७७७ च्या अखेरीस वारले होते, आणि पुण्याशी युद्धात गुंतलेल्या कंपनीचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याला नागपूर आपल्याकडे ओढायचे होते. आमिष पुन्हा तेच, साताऱ्याची गादी. नागपूरकर भोसल्यांचा तिच्यावर हक्क आहे आणि कंपनी तो मिळवून देईल, असा प्रस्ताव घेऊन अलेक्झांडर इलियट कलकत्त्याहून निघाला. सप्टेंबर १७७८ मध्ये वाटेत सारंगगडाजवळ तो तापाने वारला. मग बंगालहून पश्चिमेकडे निघालेल्या कर्नल गॉडर्डने बोलण्यांचा धागा उचलला. तो डिसेंबरमध्ये होशंगाबादला नर्मदेकाठी येऊन थांबला आणि त्याचा माणूस नागपूरला येऊन बसला. नागपूरने नाही म्हटले नाही आणि होही म्हटले नाही. पंधरा वर्षांपूर्वी याच आमिषाला जानोजी भुलले होते, आता दरबार शिकलेला दिसतो. जानेवारी १७७९ च्या मध्याला वडगावला मुंबईकर इंग्रजांची फौज मराठ्यांच्या तावडीत सापडून तिला नाक घासून तह करावा लागला. महिनाभर आधी मुधोजींनी कंपनीशी करार केला असता तर नागपूर हरलेल्या पक्षात उघड्यावर पडले असते. उशीर करणे हाही निर्णय असतो, आणि तो इथे अचूक ठरला.

त्याच वर्षी पुणे, हैदराबाद, म्हैसूर आणि नागपूर यांची इंग्रजांविरुद्ध एकजूट ठरली. नागपूरच्या वाट्याला बंगाल आला. १७७९ च्या दसऱ्याच्या सुमारास मुधोजींचा मुलगा खंडोजी ऊर्फ चिमणाबापू तीस हजार स्वारांची फौज घेऊन निघाला आणि कटकला पोचला तो पुढच्या मे महिन्यात. नागपूर ते कटक हा सात महिन्यांचा रस्ता नव्हे. पहिल्या रघुजींच्या काळात याच घराण्याची घोडी वर्षावर्षाला बंगालपर्यंत धडकत होती. फौज मुद्दामच रेंगाळली. पुण्याला दाखवायला ती निघाली होती आणि कलकत्त्याला दाखवायला ती पोचत नव्हती. कलकत्त्यातला नागपूरचा वकील बेनीराम पंडित हेस्टिंग्जच्या इतका विश्वासातला होता की १७८१ मध्ये चेतसिंगाच्या बंडात हेस्टिंग्ज चुनारला अडकला असता त्याने आणि त्याच्या भावाने आपल्या पदरचे लाखभर रुपये पुढे केले. हेस्टिंग्जने आधी गुपचूप तीन लाख पोचवले. मग १७८१ च्या वसंतात करार झाला. नागपूरला तेरा लाख रोख, गढा-मंडल्याच्या मोहिमेसाठी दहा लाखांचे कर्ज, आणि त्याबदल्यात नागपूरची फौज बंगालला हात लावणार नाही, उलट कर्नल पिअर्सच्या फौजेला ओरिसातून मद्रासकडे वाट देईल.

माझ्या मते देवाजीपंतांवरचा खरा आक्षेप इथे आहे, १७६३ मध्ये नाही. सप्टेंबर १७८० मध्ये हैदरअलीने पोल्लिलूरला बेलीची फौज बुडवली होती. मद्रास हादरले होते, आणि पिअर्सची बंगाली पलटणे ही तिकडे जाणारी मोठी कुमक होती. ती कटकवरून जाणार होती आणि कटक भोसल्यांचे होते. १७७९ मध्ये गॉडर्डलाही नर्मदेकाठून सुरतेकडे बिनत्रास जाऊ दिले होते. दोनदा कंपनीची फौज नागपूरच्या डोळ्यांसमोरून गेली. नाना फडणीसांनी याला दगा म्हटले तर त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्यावर नागपूरच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. कटकातली फौज पगाराविना उपाशी होती, पुण्याकडून पैशाची मदत नव्हती, बारा वर्षांपूर्वी ज्यांनी नागपूर जाळले त्यांच्यासाठी नागपूरने बंगालच्या चिखलात का रुतावे, असा सवाल दरबारात निघणे साहजिक होते. शिवाय पुढचे सगळे आपल्याला ठाऊक आहे म्हणून १७८१ च्या माणसाला दोष देणे सोपे असते. हे सगळे मान्य करूनही माझा हिशेब जुळत नाही. देवाजीपंतांचे सारे राजकारण एका अटीवर उभे होते. आजूबाजूला निदान दोन तोलामोलाच्या सत्ता असाव्यात, म्हणजे एकीला दुसरीचे भय दाखवता येते. कंपनीला ज्या क्षणी श्वास घ्यायला जागा दिली त्या क्षणी ही अटच कमजोर झाली. भविष्य ओळखण्याचा हा प्रश्न नव्हता. बंगालची चौथाई सोळा वर्षे बुडवणारी कंपनी पुण्यासारखी खंडणीवर थांबणारी नाही, हे चौथाईच्याच कागदांत दिसत होते, आणि ते कागद देवाजीपंतांइतके कुणी वाचलेले नव्हते.

आणखी एक शंका कागदांबद्दलचीच. ‘नागपूरकर भोसल्यांची बखर’ काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी लिहिली ती इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सच्या काळात, घटनांनंतर चाळीस-पन्नास वर्षांनी. राज्य इंग्रजांच्या देखरेखीखाली गेलेले असताना जुन्या दिवाणाच्या बुद्धीची तारीफ वाढत जाणे स्वाभाविक आहे, मग एवढे श्रेय एका माणसाला का द्यायचे? शंका रास्त आहे, आणि मुधोजींसारख्या कारभाऱ्याला दिवाणाचे बाहुले ठरवण्यात अर्थ नाही. पण विरुद्ध बाजूचे कागदही हेच सांगतात. हेस्टिंग्जच्या व्यवहारात देवाजीपंतांचे नाव नागपूरच्या धोरणाचा कर्ता म्हणून येते. पुण्याशी तह घडवून आणायचा तर मध्यस्थ म्हणून तो त्यांच्याकडेच पाहत होता, आणि १७८१ मध्ये काशीला निघताना नागपूरच्या दिवाणाची भेट हा त्याच्या बेतातला एक भाग होता. स्तुती करण्याचे कसलेही कारण नसलेला माणूस ज्याला भेटायला थांबतो, त्याचे वजन बखरकाराने वाढवून सांगितले असे म्हणता येत नाही. ती भेट झाली नाही. त्याच वर्षी देवाजीपंत वारले. सखारामबापूही त्याच वर्षी नानांच्या कैदेत रायगडावर वारले. इंग्रज-मराठे तह पुढच्या मे महिन्यात सालबाईला झाला, पण तो महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने. देवाजीपंतांना मिळण्याजोगी ती जागा ग्वाल्हेरकरांकडे गेली आणि उत्तरेच्या राजकारणात नागपूर मागच्या रांगेत सरकले.

त्यांच्यामागे नागपूरकडे कर्तबगार माणसे नव्हती असे नाही. भवानी काळू होते, पुढे श्रीधर लक्ष्मण मुनशी आले. नव्हते ते डाव खेळायला लागणारे पट. १८०३ मध्ये आडगाव आणि गाविलगडच्या पराभवानंतर १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. दुसऱ्या रघुजींना कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड सोडावे लागले, आणि काही आठवड्यांतच माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नागपूरला रेसिडेंट म्हणून येऊन राहिला. कनकापूरला वकिलाच्या सवलतीने उघडे ठेवलेले पूर्वेचे दार आता पलीकडच्याच्या मालकीचे झाले होते, आणि वऱ्हाडातल्या दुअंमलाबरोबर निजामाशी असलेली ओढाताणही संपली होती. रघुजींनी त्यानंतर बारा वर्षे तैनाती फौज घेण्याचे टाळले. देवाजीपंतांच्या शाळेतला उशीर करण्याचा धडा तेवढा त्यांच्या ध्यानात राहिला होता. ते वारले आणि जेमतेम दोन महिन्यांनी, मे १८१६ मध्ये, आप्पासाहेब भोसल्यांनी त्या फौजेच्या करारावर सही केली.